फोटोत काही नाही, मग दुखतंय कशाला? – गुडघ्याची कूर्चा दिसू लागली त्याची गोष्ट

सोलापुरात एक्स-रेला अजूनही बरेच जण 'फोटो' म्हणतात. माझे मामाही तसंच म्हणतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ते यंत्रमाग चालवतात. पाळीभर सिमेंटच्या जमिनीवर उभं राहायचं, मागांच्या रांगेतून पुढं-मागं फिरायचं, धागा तुटला की वाकायचं, कांडी संपली की बदलायची. गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा ते जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. मी विचारलं तर म्हणाले, "फोटो काढला की. फोटोत काय नाही म्हणत्यात. मग दुखतंय कशाला?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "तू त्या एमआरआयवरच शिकतोयस न्हवं? काढू का मग एमआरआय?"

एमआरआयचा खर्च म्हणजे त्यांचा दोन-तीन आठवड्यांचा पगार. त्यामुळे हा प्रश्न चहा पिता पिता उडवून लावण्यासारखा नव्हता. मी फिजिक्समध्ये एमएस्सी केलं आणि आता कूर्चेच्या एमआरआय चित्रणावर पीएचडी करतोय. तरी मला पटकन उत्तर देता आलं नाही. ते उत्तर शोधताना मी जुने पेपर उपसत मागे मागे गेलो. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना "लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे नक्की काय करायचं" हा प्रश्न पडतो. तर हा माझा एका प्रश्नासाठी केलेला लिटरेचर रिव्ह्यू समजा.

न दिसणारा अवयव

आधी कूर्चा म्हणजे काय ते बघू. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात तिथे दोन्हींच्या टोकांवर एक गुळगुळीत, पांढरट थर असतो. गुडघ्यात त्याची जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर. वजनाच्या हिशेबात त्यातलं ६५ ते ८० टक्के पाणीच. हे पाणी धरून ठेवतात ते कोलॅजनचे तंतू आणि त्यांच्या जाळीत अडकलेले प्रोटिओग्लायकन नावाचे मोठे रेणू. प्रोटिओग्लायकनवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते पाणी ओढून घेतात. पाय टेकला की पाणी दाबलं जातं, उचलला की परत भरतं. भिजलेला स्पंज डोळ्यांसमोर आणा.

या थरात रक्तवाहिन्या नाहीत आणि नसाही नाहीत. पहिल्या गोष्टीमुळे तो एकदा खराब झाला की नीट भरून येत नाही. लंडनचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे हेच मांडलं होतं. दुसऱ्या गोष्टीकडे मात्र आपलं सहसा लक्ष जात नाही. कूर्चेत नसा नाहीत, म्हणजे कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखतं ते तिच्या आसपासचं: खालचं हाड, सांध्याचं अस्तर, स्नायूबंध. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी तो परत लागणार आहे.

एक्स-रे आणि लँकशायरचे गुडघे

१८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले. हाडात कॅल्शियम असतं म्हणून ते क्ष-किरण अडवतं. कूर्चा बहुतांश पाणी, त्यामुळे एक्स-रेत ती दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली काळी फट. डॉक्टर त्या फटीवरून अंदाज बांधतात की फट अरुंद झाली म्हणजे कूर्चा झिजली असणार. म्हणजे एक्स-रे कूर्चेचा फोटो काढतच नाही. तो तिच्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेचा फोटो काढतो.

या फटीला आकड्यात बसवायचं काम १९५७ मध्ये झालं. मँचेस्टरचे जोनास केलग्रेन आणि जे. एस. लॉरेन्स यांनी ० ते ४ अशी श्रेणी मांडली: हाडाला फुटलेले काटे, अरुंद फट, हाडाचं कठीण होणं, आकार बिघडणं. आजही सोलापूरपासून सिॲटलपर्यंत गुडघ्याच्या रिपोर्टात 'ग्रेड २' असं लिहून येतं, ते बहुतेक वेळा याच श्रेणीतलं. १९६१ च्या रोम इथल्या परिषदेनंतर ती जगभर प्रमाण म्हणून रूढ झाली.

मी तो मूळ पेपर उघडला तेव्हा जरा थबकलो. त्यातले एक्स-रे ली नावाच्या शहरातल्या ५५ ते ६४ वयाच्या लोकांचे होते. ली कुठे आहे? तेव्हाच्या लँकशायरमध्ये. कोळशाच्या खाणी आणि कापसाच्या गिरण्यांचं गाव. लॉरेन्स यांनी आधी केलग्रेनबरोबर खाणकामगारांच्या सांध्यांचा अभ्यास केला होता, आणि १९६१ मध्ये त्यांचा आणखी एक पेपर आला, त्याचा विषय सुती गिरणी कामगारांचे सांधे. म्हणजे मामांचा फोटो ज्या मोजपट्टीने वाचला गेला ती एका दुसऱ्या कापूसनगरीत तयार झालेली. सोलापूरची जुनी मिल १८७७ ची. दोन गावं एकाच धाग्याच्या धंद्यावर वाढलेली, पण एकाचे गुडघे मोजपट्टी झाले आणि दुसऱ्याचे तिच्यावर मोजले जातात.

यात कोणाचं कारस्थान वगैरे काही नाही. संशोधक जिथे असतात तिथल्या माणसांवर अभ्यास करतात. पण प्रत्येक मोजपट्टीला एक गाव असतं, आणि पेपर वाचताना 'सँपल' या विभागात ते गाव शोधायची सवय मला तेव्हापासून लागली.

आणखी एक बारकावा. १९६८ मध्ये स्वीडनच्या आल्बेक यांनी दाखवून दिलं की रुग्णाला उभं करून, पायावर वजन देऊन एक्स-रे काढला तर झिजलेल्या बाजूची फट मिटते आणि झीज कळते. आडवं झोपवून काढला तर तीच फट मोकळी दिसू शकते. मी मामांना फोन करून विचारलं, "फोटो उभं राहून काढला होता का?" ते म्हणाले, "न्हाई, टेबलावर झोपवलं होतं."

दुर्बीण घालून बघणारे

फटीवरून अंदाज बांधण्यापेक्षा सरळ आत बघितलं तर? १९१८ मध्ये तोक्योच्या केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची नळी मृतदेहाच्या गुडघ्यात घालून बघितली. क्षयामुळे गुडघा आखडला की जपानी माणसाला जमिनीवर बसता येत नसे, आणि तिथल्या घरात जमिनीवर बसता न येणं म्हणजे चारचौघांतून उठल्यासारखंच. ही अडचण आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. मांडी घालून जेवणारी, जमिनीवर बसून दिवसभर विड्या वळणारी माणसं सोलापुरात घरोघरी आहेत. ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी पुढे हे तंत्र उपचारापर्यंत नेलं. १९६१ मध्ये आउटरब्रिज यांनी कूर्चेची डोळ्यांनी दिसणारी झीज मऊपणापासून उघड्या हाडापर्यंत चार पायऱ्यांत मांडली.

पण दुर्बिणीला पृष्ठभागच दिसतो. आतून पोकळ झालेलं लाकूड वरून धड दिसावं तसं. शिवाय नुसतं बघण्यासाठी भोकं पाडायची, भूल द्यायची. प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याला हे परवडणारं नाही.

पाणी बोलतं तेव्हा

इथून गोष्ट माझ्या विषयात शिरते. १९४६ मध्ये फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या हायड्रोजनच्या केंद्रकांना ठरावीक वारंवारतेच्या रेडिओ लहरी दिल्या की ती केंद्रकं प्रतिसाद देतात. १९५२ चं नोबेल दोघांना मिळालं. पाण्याच्या प्रत्येक रेणूत दोन हायड्रोजन. म्हणजे क्ष-किरणांना ज्या पाण्यामुळे कूर्चा दिसत नव्हती, तेच पाणी इथे बोलायला लागलं.

या टप्प्यात एक नाव आपल्याकडचं आहे. ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डमधल्या गटात श्रीनिवास धर्माधिकारी नव्हे, धर्मट्टी नावाचे भारतीय शास्त्रज्ञ होते (आडनावात माझाही आधी असाच घोळ झाला होता). अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांच्या १९५१ च्या पेपरात इथेनॉलच्या एकाच रेणूतले हायड्रोजन तीन वेगवेगळ्या ठिकाणी संकेत देतात हे दिसलं. कारण रेणूत शेजार बदलला की वारंवारता किंचित बदलते. नंतर धर्मट्टी मुंबईत टीआयएफआरला आले आणि १९५० च्या दशकात तिथे एनएमआरचं काम उभं राहिलं. त्याच सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवातल्या केंद्रकीय संकेतावर काम केलं, तेही १९५१ चंच.

इथेनॉलचा गुडघ्याशी काय संबंध? थेट आहे. हाडाच्या मगजात चरबी भरपूर. चरबीतले हायड्रोजन आणि पाण्यातले हायड्रोजन यांच्या वारंवारतेत १.५ टेस्लाच्या यंत्रात सुमारे २२० हर्ट्झचा फरक पडतो. तो वापरून चरबीचा संकेत दाबून टाकता येतो. मग हाड काळं पडतं आणि त्यावर कूर्चेचा थर उजळ उठून दिसतो. कूर्चा मोजण्याच्या कितीतरी पद्धती या 'फॅट सप्रेशन'वर उभ्या आहेत, आणि त्याच्या मुळाशी शेजार बदलला की सूर बदलतो हीच गोष्ट आहे.

पण सूर ऐकू आला तरी तो कुठून येतोय ते कळायला हवं. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्र जागेनुसार थोडं थोडं बदलतं ठेवून ते साधलं. त्यांचं पहिलं चित्र पाणी भरलेल्या दोन बारीक नळ्यांचं होतं. नेचरने तो पेपर आधी नाकारला होता. (पहिला पेपर परत आला म्हणून तोंड पाडून बसलेल्यांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवावं.) १९७७ मध्ये नॉटिंगहॅमच्या पीटर मॅन्सफिल्ड यांच्या गटाने जिवंत माणसाच्या बोटाचा छेद दाखवला. त्याच वर्षी ३ जुलैला रेमंड डमाडियन यांच्या यंत्राने माणसाच्या छातीचं चित्र काढलं, त्याला पाचेक तास लागले. २००३ चं नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना मिळालं.

गुडघ्याची एमआरआय चित्रं १९८३ पासून नियतकालिकांत दिसू लागतात. भारतात १९८६ मध्ये दिल्लीच्या इनमास या संस्थेत १.५ टेस्लाचं यंत्र आलं.

चित्रापासून मोजमापापर्यंत

साध्या एमआरआयत कूर्चेला पडलेला खड्डा, चीर, पातळ झालेला थर दिसतो. पण तेव्हा बराच उशीर झालेला असतो. खड्डा पडायच्या आधी आतली जाळी सैल होते, प्रोटिओग्लायकन कमी होतात. ते पकडायचं कसं?

एक मार्ग टी-२ मॅपिंगचा. रेडिओ लहर बंद केल्यावर पाण्याचा संकेत किती वेगाने विझतो ते मोजायचं. कोलॅजनची जाळी घट्ट असेल तर संकेत लवकर विझतो, सैल झाली की पाणी मोकळं होतं आणि तो जास्त वेळ टिकतो. फरक मिलिसेकंदांचा, पण मोजता येतो. दुसरा मार्ग १९९६ मध्ये बशीर, ग्रे आणि बर्स्टीन यांनी मांडला. ऋणभारित गॅडोलिनियम संयुग शिरेतून द्यायचं. निरोगी कूर्चेतले ऋणभारित प्रोटिओग्लायकन त्याला हुसकावतात, प्रोटिओग्लायकन कमी झालेल्या जागी ते शिरतं. घरात माणसं नसली की अंगणातलं मांजर सरळ स्वयंपाकघरात जातं, तसं. तिसरा मार्ग टी-१-रो. १९९७ मध्ये पेनसिल्व्हेनियात रविंदर रेड्डी यांच्या गटाने तो कूर्चेवर वापरून दाखवला.

ऐकायला हे फार छान वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. माझ्या चित्रात एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा. दोन मिलिमीटरची कूर्चा म्हणजे जेमतेम चार पिक्सेल. त्यातला एक हाडाला चिकटलेला, एक सांध्यातल्या द्रवाला. उरले दोन. पहिल्या वर्षी एका निरोगी स्वयंसेवकाच्या गुडघ्यात मला वक्र भागावर टी-२ चांगलाच वाढलेला दिसला. मी खुशीत गाइडना दाखवला. त्यांनी चित्र आडवं धरलं, बोटाने कोन दाखवला आणि विचारलं, "हा भाग चुंबकाच्या दिशेशी किती अंशात आहे?" सुमारे ५५. कोलॅजनचे तंतू मुख्य क्षेत्राशी ५४.७ अंशाच्या आसपास आले की निरोगी कूर्चाही उजळ दिसते. याला 'मॅजिक अँगल' म्हणतात. मला सापडलेला 'आजार' त्या माणसात नव्हताच, तो भूमितीत होता.

सगळंच दिसायला लागलं तर?

आता मामांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. काढावा का एमआरआय?

२०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमचा एक अभ्यास आला. पन्नाशीच्या पुढची ७१० माणसं, सगळ्यांचे एक्स-रे 'झीज नाही' असे. त्यांचे एमआरआय काढले तर ८९ टक्के लोकांत काही ना काही बिघाड दिसला. कूर्चेची हानी ६९ टक्क्यांत. आणि मुख्य गोष्ट: दुखणाऱ्या आणि अजिबात न दुखणाऱ्या गुडघ्यांत बिघाडाचं प्रमाण फारसं वेगळं नव्हतं.

म्हणजे मामांनी एमआरआय काढला असता तर त्यात काहीतरी दिसण्याची शक्यता भरपूर होती. पण ते 'काहीतरी' म्हणजेच दुखण्याचं कारण, असं त्यावरून म्हणता आलं नसतं. कूर्चेत नसा नाहीत हे वर म्हणालो होतो, ते इथे उपयोगी पडतं.

एक्स-रेने आजाराची व्याख्या फटीवर बांधली, कारण त्याला फट दिसत होती. दुर्बिणीने पृष्ठभागावर, कारण तिला पृष्ठभाग दिसत होता. एमआरआयला पाणी दिसतं आणि आम्ही व्याख्या पाण्याकडे सरकवतोय. प्रत्येक यंत्र खरंच बोलतं, पण त्याला विचारलं तेवढंच. दुखणं मोजणारं यंत्र यातलं एकही नाही.

या इतिहासात दुखण्यापासून सुरुवात करणारं एक काम मला सापडलं, आणि ते आमच्याच रस्त्यावरचं निघालं. पुणे-सोलापूर महामार्गावर, उजनीच्या पाण्याकाठी भिगवण आहे. १९९६ मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमात तिथे घरोघरी जाऊन ४,०९२ प्रौढांची पाहणी केली. पहिला प्रश्न यंत्राचा नव्हता, माणसाचा होता: कुठं दुखतं? १८.२ टक्के लोकांनी सांध्यांच्या किंवा स्नायूंच्या तक्रारी सांगितल्या. गुडघ्यांसकट सगळी झीज धरून ऑस्टिओआर्थ्रायटिस सुमारे ५.८ टक्क्यांत निघाला.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेचा 'ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह'. २००४ पासून ४५ ते ७९ वयाच्या ४,७९६ लोकांचे गुडघे ३ टेस्लाच्या यंत्रात वर्षानुवर्षं चित्रित केले गेले. यातलं एक केंद्र ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला होतं, जिथे १७९३ मध्ये अमेरिकेची गाजलेली स्लेटर कापूस गिरणी उभी राहिली. परत कापूसच! हा सगळा डेटा संशोधकांना अर्ज करून मोफत मिळतो. तुमच्या कॉलेजात एमआरआय नाही म्हणून हा विषय सोडू नका. माझं निम्मं काम याच डेटावर चाललंय. फक्त मॉडेल तयार झालं की स्वतःला विचारा: हे ज्या गुडघ्यांवर शिकलंय ते कुठल्या गावचे? ते मांडी घालून बसत होते का? दिवसभर मागापुढं उभे राहत होते का?

मामांचं काय झालं

मी मामांना सांगितलं, आधी एमआरआय नको, उभं राहून फोटो काढा आणि डॉक्टरांना सगळं दाखवा. आठवडाभर घरात चेष्टा चालली, की एमआरआयवर पीएचडी करणारा भाचा एमआरआय नको म्हणतो. नव्या फोटोत उजव्या गुडघ्याची आतली फट अरुंद दिसली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गुडघा अडकत नाही, मार लागलेला नाही, त्यामुळे आत्ता एमआरआयने उपचार बदलणार नाहीत. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले, वजन थोडं कमी करा म्हणाले आणि जमेल तेव्हा बसत जा म्हणाले. शेवटचा सल्ला ऐकून मामा हसले. चालू मागापुढं बसायचं कुठं?

परवा फोन आला होता. व्यायाम चालू आहेत, जिना जरा बरा उतरता येतो. मग म्हणाले, "तुझ्या त्या मशिनीत दुखणं दिसायला लागलं की सांग, मग येतो." मी वहीच्या पहिल्या पानावर ते वाक्य लिहून ठेवलंय. थिसिसच्या प्रस्तावनेत त्याचं काय करायचं, ते अजून ठरत नाहीये.